सूक्ष्मजीवसमुच्चय, सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांचा

स्पंज, प्रवाळ, मृदुकाय प्राणी, वलयी कृमी इ. पाठीचा कणा नसलेल्या सागरी प्राण्यांच्या शरीरात व शरीरावर राहणारे सूक्ष्मजंतू, आर्किया, कवके, एकपेशीय शैवले व व्हायरस यांचा समुदाय. काही स्पंजांच्या वस्तुमानाचा सु. एकतृतीयांश भाग सूक्ष्मजीवांचा असतो.

यांपैकी बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील संवर्धन माध्यमावर वाढत नाहीत. त्यामुळे डीएनएचा अनुक्रम वाचून त्यांची ओळख पटवितात. प्रथम प्राण्याचा नमुना निर्जंतुक समुद्रजलाने धुऊन त्याच्या ऊतकातील सर्व डीएनए वेगळे करतात. १६एस रिबोसोमी आरएनएचा जीन सर्व सूक्ष्मजंतूंत असतो. त्याचे काही भाग सर्वत्र जवळजवळ सारखे, तर काही गटागटांत भिन्न असतात. सारख्या भागांच्या आधारे पॉलिमरेज शृंखला विक्रियेने जीनाच्या असंख्य प्रती करतात व भिन्न भागांवरून सूक्ष्मजंतूंचे गट ओळखतात. भोवतालचे पाणी व रसायने यांतूनही परके डीएनए येत असल्याने पाण्याचे व कोरे नमुने सोबत तपासणे आवश्यक असते.

या पद्धतीने ‘कोण आहे’ हे कळते. ‘ते काय करते’ हे कळतेच असे नाही. मृत पेशींचे डीएनएही वाचले जाते, तसेच जीनाच्या प्रतींची संख्या प्रत्येक जातीत वेगळी असल्याने मिळालेले प्रमाण म्हणजे पेशींची मोजणी नव्हे. कार्य जाणण्यासाठी संपूर्ण जीनसंच, एंझाइमे व संवर्धन यांचा एकत्रित अभ्यास करावा लागतो. लाकडी नौका पोखरणाऱ्या टेरेडिनिडी कुलातील शिंपल्यांच्या कल्ल्यांत राहणारा टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी हा सूक्ष्मजंतू सेल्युलोजाचे विघटन व नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतो, हे अशाच अभ्यासांतून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. मालवण सागरी अभयारण्य (स्थापना १९८७) येथील प्रवाळांचे विरंजन झाल्याचे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. विरंजनात प्रवाळ आपल्या ऊतकातील सहजीवी शैवले गमावतात व पांढरे पडतात. सूक्ष्मजंतूंतील बदल हे विरंजनाचे कारण की परिणाम, हे पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाच्या एकाच नमुन्यावरून ठरत नाही. त्यासाठी त्याच वसाहतीचे नमुने उन्हाळ्यापूर्वी, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर घेऊन त्यांची निरोगी वसाहतींशी तुलना करणे आवश्यक ठरते. प्रवाळ मृत झाल्यावर अशा तुलनेची संधी उरत नाही.