"काल काय काय खाल्लं?" : २४ तासांच्या रिकॉलमागचं गणित

एम.एस्सी. डाएटेटिक्सला गेल्यावर बहुतेकांना बायोकेमिस्ट्रीची आणि क्लिनिकल न्यूट्रिशनची धास्ती असते. पण डेझर्टेशन सुरू झालं की लक्षात येतं, आपला सगळा डेटा एका साध्या प्रश्नावर उभा आहे: काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं? यालाच २४ तासांचा डाएट रिकॉल म्हणतात. फॉर्म एका पानाचा असतो, म्हणून सोपा वाटतो. तो सोपा का नाही, ते आज बघू.

चार भाकरी म्हणजे किती?

समजा, एका ताईंनी सांगितलं, "दिवसभरात चार भाकरी." तुम्ही एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली, तर २४० ग्रॅम ज्वारीचं पीठ झालं. त्यांच्या घरची भाकरी प्रत्यक्षात ९० ग्रॅमची असेल तर ३६० ग्रॅम. इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स २०१७ प्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३४ किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे उत्तर तेच, पण फरक ४०० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीनचा!

आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० किलोकॅलरी आणि सुमारे ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं. त्याचा चौथा हिस्सा तुमच्या अंदाजात इकडचा तिकडे झाला. त्या ताई तुमच्या तक्त्यात "कमतरता" या रकान्यात जाणार की नाही, हे त्यांच्या जेवणावरून ठरलं नाही, तुमच्या अंदाजावरून ठरलं.

म्हणून फील्डवर जाताना किचनचा वजनकाटा, प्रमाणित वाट्या आणि चमचे सोबत ठेवा. त्यांच्याच घरातली वाटी मागून घ्या, पाणी भरून मोजा. भाकरीसाठी "एका भाकरीला पीठ किती घेता, तेवढं दाखवा" असं सांगा आणि तेवढं पीठ वजन करा. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

कच्चं की शिजलेलं?

टेबल्समधले बहुतेक आकडे कच्च्या पदार्थांचे आहेत. १५० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे साधारण ५० ग्रॅम तांदूळ. सॉफ्टवेअरमध्ये १५० ग्रॅम "तांदूळ" टाकलात, तर ऊर्जा थेट तिप्पट. वरणाचं, उसळीचंही तसंच.

तेल तर कुणालाच सांगता येत नाही, कारण ते फोडणीत जातं. तिथे उलटीकडून जा: घरात महिन्याला तेल किती लागतं? ४ लिटर आणि खाणारी माणसं ५ असतील, तर माणशी रोज साधारण २४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २२० किलोकॅलरी. हा सरासरी अंदाज आहे, पण "एक चमचा असेल" यापेक्षा खूप बरा.

आणि कोणतं टेबल वापरलं ते लिहा. गोपालन यांच्या जुन्या पुस्तकात १०० ग्रॅम बाजरीत लोह ८ मिलिग्रॅम दिलंय, २०१७ च्या टेबल्समध्ये ६.४२. अर्धा डेटा एका पुस्तकावरून आणि अर्धा दुसऱ्यावरून काढला, तर तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

विचारायचं कसं?

"सकाळी दूध घेतलं ना? भाजी खाल्ली ना?" असं विचारलंत की समोरची व्यक्ती "हो" म्हणणारच. त्याऐवजी टप्प्याटप्प्याने जा. पहिल्या फेरीत त्यांना न अडवता बोलू द्या. दुसरीत हमखास विसरणाऱ्या गोष्टी विचारा: चहा, बिस्किटं, शेंगदाणे, प्रसाद, मुलाच्या ताटात उरलेला घास. तिसरीत वेळ आणि जागा. चौथीत प्रमाण आणि कृती. शेवटी सगळं वाचून दाखवा.

दुसरी फेरी गाळू नका. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० किलोकॅलरी, तीही दूध न धरता. एकत्र कुटुंबातल्या काकू "सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते खाल्लं" म्हणतात, तेव्हा तिथेच थांबू नका. काय उरलं होतं, ते शांतपणे विचारा. तुमच्या अभ्यासाचा खरा विषय कदाचित तोच असेल. मात्र सासूबाई शेजारी बसलेल्या असतील, तर ते उत्तर मिळणार नाही. वेळ बदलून जा.

एक दिवस पुरतो का?

गटाची सरासरी हवी असेल तर पुरू शकतो. पण "किती टक्के स्त्रियांना लोह कमी पडतं" हे सांगायचं असेल, तर निदान काही जणींचा तरी दुसऱ्या दिवसाचा रिकॉल घ्यावाच लागतो. नाहीतर एका दिवसाचा चढउतार कायमची सवय म्हणून मोजला जातो. उपवासाचे दिवस सरसकट वगळू नका. आठवड्यातून दोन उपवास करणाऱ्या बाईचे उपवास हा तिच्या आहाराचाच भाग आहे. सगळे वार नमुन्यात नीट विभागून येतील असं वेळापत्रक करा.

आरडीएशी तुलना करताना

डेझर्टेशनमध्ये हमखास दिसणारं वाक्य: "सरासरी लोह आरडीएच्या ६२ टक्के, म्हणून कमतरता." हे चालत नाही. आरडीए मुद्दाम उंच ठेवलेली असते, म्हणजे जवळजवळ सगळ्या निरोगी लोकांची गरज त्यात भागते. गटातली अपुरेपणाची टक्केवारी काढायला ईएआर, म्हणजे सरासरी गरज, वापरतात. स्त्रियांसाठी लोहाची आरडीए २९ मिलिग्रॅम, तर ईएआर १५. रोज १८ मिलिग्रॅम घेणारी स्त्री आरडीएपेक्षा बरीच खाली, पण ईएआरच्या वर असते. शिवाय पाळीमुळे स्त्रियांच्या लोहाच्या गरजेचं वितरण एका बाजूला झुकलेलं असतं, म्हणून तिथे साध्या कट-पॉइंटऐवजी प्रोबॅबिलिटी पद्धत वापरावी लागते. व्हायवाला हा प्रश्न येतो.

शेवटची चाळणी

माणसं कमी सांगतात. डबली लेबल्ड वॉटरने प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा हे पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून सांगितलेली ऊर्जा भागिले बीएमआर हे गुणोत्तर काढा. बैठ्या कामालाही खर्च बीएमआरच्या १.४ पट धरतात. तुमच्या गटाची सरासरी १.१ आली आणि कुणाचं वजन घटत नसेल, तर गट उपाशी नाही, रिकॉल अपुरा आहे. अशी नावं गुपचूप काढून टाकू नका. किती होती ते लिहा आणि त्यांच्यासह व त्यांच्याविना, दोन्ही निकाल द्या.

पुढे हॉस्पिटलला गेलात तरी हाच प्रश्न विचाराल. इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटच्या जेवणातल्या दोन भाकऱ्यांत ३०-३० ग्रॅम पिठाची चूक म्हणजे सुमारे ४० ग्रॅम कार्बोहायड्रेटची चूक. डेझर्टेशनमध्ये त्याने एक तक्ता बिघडतो, वॉर्डात पेशंटची शुगर. तेव्हा वाटी मोजायची सवय आत्ताच लावून घ्या. पायलट म्हणून या आठवड्यात घरातल्याच तिघांचा रिकॉल घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं ताट खरंच वजन करून बघा. तुमचा अंदाज कुठे आणि किती चुकतो, ते तिथेच कळेल.