कान वाजतात तेव्हा

खोपोलीकडच्या एका सळयांच्या कारखान्यातला एक कामगार युनियनच्या कामासाठी आमच्याकडे येत असे. राहणारा ठाकुरवाडीचा. एकदा तो म्हणाला, "भाऊ, होळी होऊन गेली तरी आमच्या वाडीतले रातकिडे गप्प बसत नाहीत. बायको म्हणते, कुठले रातकिडे? तुमचे कान वाजतात."

आम्ही त्या वेळी बोनसच्या गडबडीत होतो. "मळ साचला असेल, तेल घाल," असे सांगून आम्ही मोकळे झालो. तो सल्ला चुकीचा होता, आणि त्याचे कारण समजून घेण्यासाठीच हा विषय आम्ही पुढे अभ्यासला.

आपल्या भाषेत 'कान वाजणे' याचे दोन अर्थ होतात. एक, कानात नाद येणे. दुसरा, नसलेले ऐकल्याचा भास होणे. दुसऱ्या अर्थामुळे पहिल्याची थट्टा होते. वास्तविक हे दुखणे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन वेगळे प्रकार आहेत. योगमार्गातले लोक आत उमटणाऱ्या ध्वनीला अनाहत नाद म्हणून पूज्य मानतात. संगीतकार बीथोव्हेन याने मात्र १८०१ साली आपल्या मित्राला, रात्रंदिवस कानांत शिट्ट्या व गुंजारव चालतो, असे व्याकुळ होऊन कळविले होते. अंतर्नाद कुणाला साधनेचे फळ वाटतो, तर कुणाला छळ.

मग हा नाद फक्त रोग्यालाच येतो काय? १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून अगदी निःशब्द खोलीत पाच मिनिटे बसविले. त्यांपैकी शेकडा ९४ जणांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. म्हणजे हा बारीक नाद बहुतेकांच्या अंगी असतो; बाहेरच्या आवाजाखाली तो झाकला जातो. रुळाशेजारच्या चाळीत जो जाणवत नाही, तो रात्रीच्या शांत वाडीत ठळक होतो.

परंतु आमच्या कामगाराची गोष्ट याहून पुढची होती. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा अवयव असतो. त्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केसाळ पेशी असतात. ध्वनीचे रूपांतर त्या मज्जातंतूंच्या संदेशात करतात. वर्षानुवर्षांच्या दणदणाटाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात त्या बहुधा उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. त्या पट्टीतला संदेश येईनासा झाला की मेंदू, रेडिओचे केंद्र लागेना म्हणजे आपण आवाज वाढवितो तसा, आपला जोर वाढवितो; आणि मग आतली खरखरच ऐकू येऊ लागते, असे आज बरेच शास्त्रज्ञ मानतात. कित्येकदा श्रवणाचा मज्जातंतू कापला तरी नाद थांबत नाही, याचा उलगडा त्यामुळे होतो. तिथे तेल काय करणार?

पुढे त्याची श्रवणतपासणी झाली, तेव्हा बारीक, उंच आवाज त्याला नीट ऐकू येत नाहीत असे निघाले. खरे रातकिडे त्याच्यापर्यंत पोचत नव्हते आणि नसलेले थांबत नव्हते.

या नादाशी बाहेरचा आवाज जुळवून पाहिला तर तो बहुधा कुजबुजीइतका हलकाच भरतो. तरीही माणसाची झोप उडते. कारण भीती. 'हे वेड तर नव्हे?' या शंकेने लक्ष तिकडेच लागते, आणि लक्ष लागले की नाद अधिक भासतो. कारण समजले, धीर मिळाला, रात्री पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज सोबतीला ठेवला, की पुष्कळांना तो हळूहळू विसरता येतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही आराम पडतो. मात्र नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा एकाएकी बहिरेपण आले असेल, तर डॉक्टरकडे जाण्यास उशीर करू नये.

आता कायद्याकडे वळू. गोंगाटाने आलेले बहिरेपण कारखाना कायद्याच्या खबर द्यावयाच्या आजारांच्या यादीत आले, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहे. पण कानातला नाद बाहेरून मोजणारे साधे यंत्र नाही. त्याला साक्षीदार एकच, तो ऐकणारा. म्हणून श्रवणतपासणीचा कागद वेळीच हाती असला पाहिजे. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर ती जागा कानाला घातक समजावी. यंत्राचा आवाज कमी करून घ्यावा, आणि तोवर कानात बोळे घालावेत. पाळी सुटल्यावर कान वाजले, तर ती पहिली सूचना होय.

मंडळींनो, घरातला कोणी कान वाजतात म्हणाला, तर हसू नका. आम्ही एकदा ती चूक केली आहे.