पायाच्या जखमेवर नवी कातडी

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, अंगात मुरला की पायाची जाणीव कमी होते. काटा रुतला, चप्पल चावली, चटका बसला, तरी कळत नाही. पायाकडे रक्तही कमी पोचते. मग लहानशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पू होतो, जखम खोल जाते. आता पाय कापणार, या धास्तीने घरात रडारड सुरू होते.

पण मंडळी, दर वेळी पाय कापावा लागतोच असे नाही. जखम मोठी असली तरी तिच्यावर कातडी बसवता येते. “कोणाची कातडी?” असे पुष्कळ जण आम्हांला विचारतात. आपलीच! भूल देऊन डॉक्टर मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढतात. खालचा थर तसाच राहतो. म्हणून मांडीची जागा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येते.

कातडी बसवण्याची विद्या आपल्या मुलखात जुनी आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. त्यात कातडी एका बाजूने कपाळाला जोडलेलीच होती. मांडीचा पापुद्रा मात्र पुरता सुटा करतात. म्हणून त्याला जगवणे हे मोठे काम.

भाताची लावणी तुम्ही जाणताच. चिखलणी न करता रोप लावले तर ते जगेल काय? कातडीचेही तसेच. आधी सडलेले मांस काढून टाकतात. पू थांबावा लागतो. रक्तवाहिनी तुंबली असेल तर ती मोकळी करावी लागते. गोळ्यांनी किंवा इन्शुलिनच्या सुईने साखर ताब्यात आणतात. मग जखमेच्या तळाशी तांबडे, बारीक दाणे दिसू लागतात. हीच चांगली जमीन. उघड्या हाडावर कातडी धरत नाही. या तयारीला कित्येक आठवडे जातात. डॉक्टर उगाच दिवस काढतात, अशी कुरकुर घरचे करतात. आमच्या मते हे दिवस वाया जात नाहीत. घाईने बसवलेली कातडी गळून पडते.

पहिले दोन दिवस कातडी जखमेतून पाझरणाऱ्या रसावर जगते. मग खालून केसाहून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. खाली रक्त किंवा पाणी साचले तर ती मरते. ते निघून जावे म्हणून तिला पुष्कळदा बारीक छिद्रे पाडतात. साधारण पाचव्या दिवशी पट्टी सोडतात. तोवर पाय उंचावर, अगदी स्थिर ठेवायचा. “जरा अंगणात जाऊन येतो” म्हणणाऱ्याला घरच्यांनी दटावून बसवावे! विडीही बंद. विडीने रक्तवाहिन्या आकसतात.

कातडी धरली, तरी पायाची गेलेली जाणीव परत येत नाही. तळव्याच्या भार पडणाऱ्या जागी पातळ कातडी लवकर फाटते. तेव्हा चालणे डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि तेही मऊ तळाची चप्पल घालून. घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. ऊन पाण्यात पाय बुडवू नये. भाजलेले कळणार नाही. रोज रात्री तळवा पाहावा. वाकता येत नसेल तर आरसा धरावा, नाहीतर नातवाला पाहायला सांगावे.