रुमालाखालचा भाव

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रुमालाखालचा सौदा नव्याने सांगायला नको. श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव माझे आजोळ. लहानपणी मामांचे बोट धरून मी बाजारात जायची, तेव्हा दोन मोठी माणसे रुमालाखाली हात घालून एवढी गंभीर का उभी असतात, हे कोडे मला पडायचे. तोंडाने दोघे ‘नाही जमायचं’ म्हणून माना हलवत. खरा भाव बोटे दाबून ठरत असे. किती बोटे धरली हे घेणारा, देणारा आणि मधला दलाल यांनाच ठाऊक. शेतमालाच्या बाजारात याच हत्ता पद्धतीने शेतकरी नाडला जाई, म्हणून बाजार समित्यांनी उघडा लिलाव आणला आणि ते योग्यच झाले. पण आपल्यातले काय कोणाला कळावे हे आपण ठरवायचे, ही जाण त्या रुमालात होती खरी.

त्याच मामांच्या गोठ्यावर गेल्या दिवाळीत मला कॅमेरा दिसला. शेळ्या चोरीला जातात म्हणून बसवलेला. मामेभाऊ उसाच्या फडातूनही मोबाइलवर गोठा पाहतो, याचे मामांना कोण कौतुक! मात्र रोज सकाळी काही वेळ त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला असे. ‘‘धूळ बसते म्हणून झाकत असतील,’’ मामेभाऊ म्हणाला.

खरे कारण वहिनीने भांडी घासताना सांगितले. गोठ्याला लागूनच न्हाणीघर. ‘‘घरचं माणूस बघेल त्याचं काही नाही, ताई. पण कॅमेरा बसवणाऱ्या पोराचा परवा फोन आला, ‘तुमच्या कॅमेऱ्यावर जाळं धरलंय, पुसून घ्या.’ त्याला त्याच्या घरी बसून कसं दिसलं?’’

पुण्यात संगणकावर काम करणाऱ्या मला जे सुचायला हवे होते, ते तिला सुचले होते. अशा कॅमेऱ्याचे चित्र घरच्या वायफायवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते आणि तिथून मोबाइलवर येते. ज्या मोबाइलवरून कॅमेरा पहिल्यांदा नोंदवला, तो अ‍ॅपच्या लेखी मालक. बाकीचे सारे त्याचे पाहुणे. पोराने कॅमेरा स्वत:च्या नावे जोडून मामेभावाला नुसता बघायला दिला होता. पैसे मामांनी मोजले, मालक तो!

त्याच्या मनात पाप असते तर जाळ्याचे त्याने सांगितलेच नसते. पण सगळेच असे नसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांची चित्रे बाहेर जाऊन विकली गेल्याचे उघड झाले. तपासाच्या बातम्यांत जो पासवर्ड आला तो होता ‘अ‍ॅडमिन१२३’. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण किल्ली कुलपालाच अडकवलेली. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचेही तरुण होते, तेव्हा हे लांबच्या गुजरातेतले प्रकरण म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

पोराला बोलावले. तो ओशाळला. ‘‘गिऱ्हाइकांना पासवर्ड आठवत नाही, म्हणून सगळ्यांचे माझ्याच फोनवर जोडतो,’’ म्हणत त्याने यादी दाखवली. बोटाने सरकवली तरी संपेना. आमच्यासमोर त्याने आमचा कॅमेरा यादीतून काढला. मग तो मामेभावाच्या मोबाइलवर नव्याने नोंदवला, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, वायफायचाही बदलला, आवाज टिपणे बंद केले. कंपनीने पाठवलेली सुधारणा कित्येक महिने तशीच पडून होती, तीही चढवली. सगळे मिळून अर्धा तासही लागला नाही. सर्वांत उपयोगी काम मात्र मामांनी शिडीवर चढून केले. कॅमेऱ्याचे तोंड न्हाणीघराकडून फिरवून फाटकाकडे केले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. एकांतातल्या स्त्रीला चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, हे मी वहिनीला मुद्दाम सांगितले. तिने ऐकून घेतले.

‘‘आणि समोरच्यांचं काय?’’ तिने विचारले. समोरच्या घरावरही कॅमेरा लागला आहे आणि त्यात आमचे अर्धे अंगण येते. एखाद्याने घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो २०२३ चा कायदा लागूच होत नाही, हे सांगणे माझ्या जिवावर आले.

मामा कोपरीवर सदरा चढवत उठले. ‘‘त्याला मी सांगतो,’’ म्हणाले आणि पायात वहाणा सरकवून रस्ता ओलांडून गेले. वहिनीने टॉवेल वाळत घातला, तो नेमका अंगणातल्या दोरीवर, समोरच्या कॅमेऱ्याच्या आड.