छोटं, छान गाव कोण चालवतं?

मंडळी, अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेले आईवडील आता साताऱ्या-सांगलीत आळीआळीला भेटतात. त्यांचं वर्णन ठरलेलं असतं. गाव लहान, शाळा चालत जाण्याजोगी, संध्याकाळी बागेत पोरं, रात्री दार नुसतं लोटलं तरी चालतं. ऐकून आम्हालाही बरं वाटतं. पण असं गाव आपोआप उगवत नाही. ते कुणीतरी वसवतं, कुणीतरी चालवतं. कोण चालवतं, एवढंच आज बघायचंय. त्यासाठी अमेरिकेला जायला नको, पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी पुरे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. वस्तीवाढीच्या योजनेत ती जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली, वर १० हजार रुपये बिनव्याजी. साल १९१०. जमीन कसली, माळच तो. निवडुंग आणि साप. नुसता कारखाना काढायचा असता तर चार पत्रे ठोकून भागलं असतं. पण कामगार बायकापोरांसकट यायचे. घरची बाई विचारणारच ना, पाणी कुठलं, पोरांच्या शाळेचं काय? म्हणून कारखान्याबरोबर गावही आखावं लागलं. यंत्रांची बाजू शंभोअण्णा जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, आणि गावाची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णांकडे. कारखान्याच्या पहिल्या फळीतला एक माणूस निव्वळ गावासाठी मोकळा ठेवला, हे आम्हाला त्या नांगरापेक्षाही मोठं वाटतं.

वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी राखणीचं काम सोपवलं. १९२० मध्ये इथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० मध्ये ‘स्त्री’. एका आडस्टेशनावरून महाराष्ट्रभरच्या घरांत मासिकं जात होती!

आता दुसरी बाजू. शिकागोजवळ जॉर्ज पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कारखानदारानं १८८० च्या सुमारास असंच नमुनेदार गाव वसवलं. विटांची घरं, बाग, ग्रंथालय, सगळं देखणं. १८९३ च्या मंदीत त्यानं मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. घरमालक आणि कारखान्याचा मालक एकच. दाद कुणाकडे मागणार? १८९४ मध्ये संप पेटला, रेल्वे अडल्या, लष्कर आलं. पुढे १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला सांगितलं, कारखान्याला न लागणारी मालमत्ता विकून टाका.

वाडी आणि पुलमन एका मापानं मोजता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. रामूअण्णा गावातच राहत होते, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर. तरी धागा तोच. कंपनीच्या कुठल्याही कॉलनीत नोकरी संपली की क्वार्टर रिकामं करायचं. तीस वर्षं ज्या दारात रांगोळी काढली, त्या दाराची किल्ली एक दिवस ऑफिसात नेऊन द्यायची. शेजार, पोरांची शाळा, ओळखीचा किराणावाला, सगळं त्या किल्लीबरोबर जातं.

गंमत अशी, की ज्या राजानं ही जमीन दिली, त्यानंच १९३९ मध्ये औंध संस्थानाचा कारभार गावोगावच्या निवडलेल्या पंचायतींकडे सोपवला. महात्मा गांधींचा सल्ला त्यामागे होता, आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांची खटपट. म्हणजे एकाच संस्थानात गाव चालवायच्या दोन तऱ्हा. एकीत चांगला मालक, दुसरीत पाच पंच. पहिलीत कामं लवकर होतात. दुसरीत भांडणं फार, पण भांडायची जागा तरी असते.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात पुष्कळ लहान गावांची माणसं मार्चच्या पहिल्या मंगळवारी एकत्र बसून गावाचा खर्च मंजूर करतात. बर्फ काढण्यावर किती, रस्त्यावर किती, हात वर करून ठरतं. दार लोटून झोपणारं गाव पाहून आलेल्यांनी पुढच्या खेपेला ही सभाही बघून यावी.

आपल्याकडे तिला ग्रामसभा म्हणतात. आता प्रश्नोत्तरांकडे वळू. पण आधी आमचाच एक प्रश्न. इथं बसलेल्यांपैकी गेल्या वर्षी ग्रामसभेला कोण कोण गेलं होतं? हात वर करा बघू.