थोरांच्या यादीत कोण? मुलांसाठीच्या जुन्या चरित्रसंग्रहांविषयी

शाळेच्या बक्षीस समारंभात हाती पडणाऱ्या पुस्तकांत एक प्रकार हमखास असे. एकाच पुस्तकात पंधरा-वीस थोर व्यक्तींची छोटी चरित्रे, प्रत्येक चरित्र काही पानांचे, आणि शेवटी घ्यावयाचा बोध. सोयीसाठी या प्रकाराला आपण चरित्रसंग्रह म्हणू. एकाच व्यक्तीचे चरित्र लिहिणारा तिच्या आयुष्याला बांधलेला असतो. संग्रह करणाऱ्याला मात्र लेखणी उचलण्यापूर्वीच एक निर्णय घ्यावा लागतो : कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे. त्यामुळे अशा पुस्तकाचे मत त्याच्या उपदेशात जितके असते, त्याहून अधिक त्याच्या अनुक्रमणिकेत असते.

मराठी वाचकाला हा घाट परका नाही. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेला ‘भक्तविजय’ हा संतांचा चरित्रसंग्रहच आहे. आपल्या आधाराचा उल्लेख करताना महिपती ग्वाल्हेरी भाषेत लिहिणाऱ्या नाभाजींचे ऋण मान्य करतात. म्हणजे थोरांची यादी एका भाषेतून दुसरीत येणे हेही आपल्याकडे जुनेच. तो ग्रंथ मुलांसाठी लिहिलेला नव्हता, परंतु घरोघरी मुलांच्या कानांवर तो पडत आला. एकोणिसाव्या शतकात छापखाना आणि शाळा आल्या, आणि खास मुलांसाठी असे संग्रह तयार होऊ लागले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८४९ मध्ये बंगालीत ‘जीवनचरित’ काढले. एडिंबरोच्या चेंबर्स बंधूंच्या इंग्रजी संग्रहातून त्यांनी कोपर्निकस, गॅलिलिओ, न्यूटन, लिनियस आदींची चरित्रे घेतली होती. बंगाली मुलाला आपल्या भाषेत थोर माणसे भेटली, पण त्यांत एकही भारतीय नव्हता.

या प्रकाराची रचना नीट समजून घेण्यासाठी अमेरिकेतील दोन पुस्तके उपयोगी पडतात. सारा नोल्स बोल्टन (१८४१–१९१६) यांचे ‘पुअर बॉइज हू बिकेम फेमस’ १८८५ मध्ये आणि ‘गर्ल्स हू बिकेम फेमस’ १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रॉवेल प्रकाशनाने काढले. पहिल्यात गरिबीतून नावारूपाला आलेले मुलगे, दुसऱ्यात नामवंत झालेल्या मुली.

मुलग्यांच्या पुस्तकातला साचा मायकेल फॅरडेच्या आयुष्यात उत्तम बसतो. बाप लोहार. मुलगा पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करतो आणि बांधायला आलेली पुस्तके वाचतो. हंफ्री डेव्हीची व्याख्याने ऐकून टिपणे काढतो, ती बांधून डेव्हीलाच पाठवतो, आणि पुढे त्याच्याच प्रयोगशाळेत मदतनीस होतो. हलाखी, ज्ञानाची ओढ, एखादा गुणग्राहक, मग कीर्ती. असाच क्रम विणकराच्या घरातला जॅकार्ड आणि लाकडी खोपटातला लिंकन यांनाही चालतो. मात्र याच यादीत मोझार्टही आहे. त्याचा बाप दरबारी संगीतकार होता आणि लहानपणीच मोझार्टने युरोपातील राजदरबारांत वाद्ये वाजवली. त्याला फॅरडेच्या ओळीत बसवायचे तर आयुष्यातील ओढाताण ठळक करावी लागते आणि बापाची तालीम मागे सारावी लागते. साचा आधी ठरतो, आयुष्य नंतर त्यात घातले जाते.

यादीतील शेजारही पाहण्याजोगा आहे. जॉर्ज पीबॉडी, जोसाया मेसन, टायटस सॉल्ट, एझ्रा कॉर्नेल : ही माणसे उद्योग-व्यापारात पैसा मिळवून तो घरे, अनाथालय, वसाहत वा विद्यापीठ यांसाठी देणारी होती. गरीब मुलाने श्रीमंत व्हावे आणि दानशूर व्हावे, हे त्या काळातील अमेरिकेचे स्वप्न या नावांमधून बोलते. ज्या कामगारांच्या श्रमावर त्या गिरण्या चालल्या, त्यांच्यासाठी अशा यादीत जागा नसते, कारण ते ‘नावारूपाला’ आलेले नसतात.

मुलींच्या पुस्तकाच्या नावात ‘गरीब’ हा शब्द नाही, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्यात धूमकेतू शोधणारी मराया मिचेल आहे, तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय आहे, चित्रकार रोझा बाँहर आहे आणि इंग्लंडमधील अतिश्रीमंत स्त्रियांपैकी एक, बॅरोनेस बर्डेट-कूट्स, याही आहेत. मुलग्याची अडचण दारिद्र्य होते. मुलीची अडचण मुलगी असणे ही होती, मग घर श्रीमंत असो वा नसो. मुलींसाठी वेगळी यादी करणे हे त्या काळी धाडस होते. तरीही दोन वेगळी पुस्तके म्हणजे दोन वेगळे दरवाजे. मुलग्याने मराया मिचेलविषयी वाचावे, अशी अपेक्षा त्या मांडणीत नाही.

आता वगळलेल्या नावांकडे वळू. मुलग्यांच्या यादीत गुलामगिरीविरुद्ध लढणारा गॅरिसन आहे आणि गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढणारा लिंकनही आहे. परंतु स्वतः गुलामीत जन्मलेला फ्रेडरिक डग्लस त्यात नाही. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने शिकवायला घेतलेली अक्षरओळख मालकाने बंद पाडली, तेव्हा रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन हा मुलगा वाचायला शिकला. पुस्तकाच्या साच्यात याहून चपखल आयुष्य कोणते असेल? आणि माहितीची अडचणही नव्हती. १८४५, १८५५ आणि १८८१ अशी त्याची तीन आत्मचरित्रे तोवर प्रसिद्ध झाली होती. सोडवणारे यादीत आले, सुटून आलेला बाहेर राहिला. हे पुस्तक वाचणाऱ्या काळ्या मुलाला त्यातून जे कळले असेल, ते कोणत्याही बोधवाक्यात लिहिलेले नव्हते.

मुलींचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. बोल्टन यांच्या यादीत त्या असाव्यात अशी अपेक्षा धरणे रास्त होणार नाही. परंतु अमेरिकेतच कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांनी ते मराठीत लिहिले. आज मराठी मुलांच्या कोणत्याही चरित्रसंग्रहात आनंदीबाई असतात. कोणीतरी आधी सविस्तर चरित्र लिहिले म्हणून यादीला नाव मिळाले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी केंद्रांना हा विषय केवळ ग्रंथप्रेमाचा नाही. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील मुलांच्या हाती येणारी मराठी पुस्तके बहुधा पुण्या-मुंबईत निघतात आणि यादीही तिथेच ठरते. आपल्या गावाचे नाव थोरांच्या पुस्तकात कधीच न दिसणारे मूल भाषा शिकते, पण त्या भाषेत आपण पाहुणे आहोत असेही शिकते.

म्हणून स्थानिक संग्रह व्हावेत, पण जुना साचा तसाच उचलू नये. उदाहरणार्थ धर्मानंद कोसंबी. १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे जन्म, शाळा बेताचीच, १८९९ मध्ये ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडले, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मासिक वृत्ती दिली आणि पाली भाषेचा हा पंडित हार्वर्डपर्यंत पोहोचला. गोवा आणि बडोदा एका चरित्रात जोडले जातात, आणि बोल्टनबाईंचा साचाही काठोकाठ भरतो. पण तो साचा एक गोष्ट बाहेर टाकेल : कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. मुलांना ही गोष्ट सांगता येते आणि सांगावीही. ज्ञानासाठी कोणी घर सोडले तर घर कोणी सांभाळले, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला नक्की कळतो.

जुना संग्रह हाती आला तर तो टाकून देऊ नये. तो मुलांसमवेत वाचावा. आधी अनुक्रमणिका वाचावी, मग त्या काळातील कोणती नावे त्यात असायला हवी होती याची दुसरी यादी मुलांकडून करून घ्यावी. त्या यादीत गावातली, शेजारची, आजोळची नावे येऊ लागली की त्यांतल्या एकेकाविषयी माहिती जमवायला सांगावे. ‘भक्तविजया’पासून आजपर्यंत प्रत्येक संग्रह असाच, आधीच्या यादीत कोणीतरी भर घालून तयार झालेला आहे.