मनोबल कसे घडते?

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, अशी म्हण मराठीत सर्वश्रुत आहे. संकटांनीच मनुष्य कणखर होतो, असा तिचा आशय आहे. ही म्हण खोटी नाही. पण ती अपुरी आहे. पाथरवटाच्या अंगणात घडलेल्या मूर्तीशेजारीच फुटलेल्या दगडांचा ढीगही पडलेला असतो, आणि टाकीचे घाव दोहोंनीही सोसलेले असतात.

मनुष्यांच्या बाबतीतही हेच दिसते. एकाच परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक पुढील वर्षी अधिक नेटाने अभ्यासास लागतो, तर दुसरा पुस्तकाकडे पाहीनासा होतो. "एकाचा स्वभाव खंबीर, दुसऱ्याचा दुबळा," एवढे म्हणून आपण या भेदाची बोळवण करतो. परंतु असे म्हणणे म्हणजे प्रश्नाचे उत्तर देणे नव्हे, प्रश्नाला केवळ नाव देणे होय. मनोबल जन्मतःच मिळते की ते आयुष्यात घडत जाते? घडत असेल, तर ते कोणत्या अनुभवांनी घडते? या प्रश्नांचा शास्त्रीय पद्धतीने कसा शोध घेण्यात आला, हे येथे पाहावयाचे आहे.

एका बेटावरील मुले

पूर्वी या विषयाचा अभ्यास उलट्या दिशेने होत असे. मनोरुग्णालयात अथवा बालन्यायालयात आलेल्या व्यक्तींचे पूर्वायुष्य तपासले, म्हणजे दारिद्र्य, गृहकलह, आईबापांचे व्यसन किंवा आजार या गोष्टी पुष्कळदा आढळत. त्यावरून अशी परिस्थिती मनुष्याचा नाश करतेच, असे अनुमान निघे. या अनुमानात एक मोठा दोष होता. त्याच परिस्थितीतून सुखरूप बाहेर पडलेली माणसे तज्ज्ञांपुढे येतच नसत. त्यामुळे त्यांची गणनाही होत नसे. खरे उत्तर हवे असेल, तर सर्वच मुलांना जन्मापासून पाहत जाणे आवश्यक होते.

असा अभ्यास पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहामधील कौआई या बेटावर झाला. हे बेट त्या काळी मुख्यतः उसाच्या मळ्यांवर जगत असे, आणि जपान, फिलिपीन्स इत्यादी देशांतून मजुरीसाठी आलेल्या लोकांचे वंशज तेथे मूळ हवाईयन लोकांसमवेत राहत. १९५५ साली या बेटावर जन्मास आलेल्या ६९८ बालकांची नोंद करण्यात आली. पुढे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर व त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांनी, डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांच्या साहाय्याने, ही मुले १, २, १०, १८, ३२ व ४० वर्षांची झाली असताना त्यांची पाहणी केली. एका पिढीची इतकी दीर्घकाळ सोबत करणारे अभ्यास फार थोडे आहेत.

यांपैकी सुमारे २०० मुलांच्या वाट्याला जन्मापासूनच अनेक आपत्ती एकदम आल्या होत्या. जन्मसमयी झालेली गुंतागुंत, घरचे दारिद्र्य, आईबापांचे अल्प शिक्षण, सततची भांडणे, व्यसन, मानसिक आजार यांपैकी चार किंवा अधिक गोष्टी त्यांच्या बाबतीत एकत्र आढळल्या. यांतील प्रत्येक तीन मुलांमागे दोन मुले पुढे अडचणीत आली. कोणाचा अभ्यास खुंटला, कोणी गुन्ह्यांकडे वळले, कोणाला मानसिक विकार जडला. परंतु उरलेल्या एक तृतीयांश मुलांची, म्हणजे ७२ जणांची हकीकत निराळी निघाली. ती शिकली, कामधंद्याला लागली, आणि आपल्या माणसांची काळजी वाहणारी, आत्मविश्वासू तरुण माणसे झाली.

त्या बहात्तर जणांपाशी काय होते?

या मुलांपैकी कोणापाशी काही अलौकिक शक्ती होती, असे मुळीच नाही. वर्नर यांना ज्या गोष्टी पुनःपुन्हा आढळल्या त्या अगदी साध्या होत्या.

पहिली गोष्ट स्वभावाची. ही मुले तान्हेपणापासून चपळ व लोभस होती, आणि इतरांचे लक्ष व माया सहज मिळवीत. तेव्हा जन्मजात प्रकृतीचा वाटा काहीच नाही, असे म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट जिव्हाळ्याची. आईबाप असमर्थ असले, तरी निदान एका वडीलधाऱ्या माणसाचा स्थिर आधार या मुलांना मिळालेला होता. कोठे ती आजी होती, कोठे मोठी बहीण, कोठे शेजारीण, तर कोठे एखादा शिक्षक. या शिक्षकाने पाठ्यक्रमापलीकडे त्या मुलाची विचारपूस केलेली असे, आणि मोठेपणीही ती आठवण त्यांच्या मनात ताजी होती.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. यांतील पुष्कळ मुलांवर घरात कोणते तरी खरे काम सोपविलेले होते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, स्वयंपाक करणे, आजारी माणसाची शुश्रूषा करणे अशी ती कामे होती. आपण केले नाही तर हे काम अडेल, आणि आपण केल्याने कोणाचे तरी भले होते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

या तिन्हींतून चौथी गोष्ट निपजली. आपल्या आयुष्यात काय घडते ते सर्वस्वी दैवाधीन नाही, आपल्या प्रयत्नाने त्यात काही फरक पडतो, असा या मुलांचा विश्वास होता. तथापि हा विश्वास यशाचे कारण होता की यशाचा परिणाम, हे केवळ निरीक्षणाने ठरविता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेकडे वळले पाहिजे.

असहायतेचे प्रयोग

१९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. आजच्या नियमांनुसार अशा प्रयोगांना सहजासहजी परवानगी मिळणार नाही. पण त्यांतून मिळालेले ज्ञान महत्त्वाचे आहे. कुत्र्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटातील कुत्र्यांना विजेचे झटके देत, पण डोक्याने एक फळी दाबली असता झटका थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके मिळत; पण त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. तिसऱ्या गटाला झटके दिलेच नाहीत. नंतर सर्व कुत्र्यांना दोन कप्प्यांच्या एका पेटीत ठेवण्यात आले. मधली बुटकी आडभिंत ओलांडली की झटक्यापासून सुटका होत असे. पहिल्या व तिसऱ्या गटातील कुत्रे हे लवकरच शिकले. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्रे मात्र सुटकेचा मार्ग समोर असूनही जागीच पडून राहिले.

पहिल्या दोन्ही गटांना वेदना सारखीच झाली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. भेद वेदनेत नव्हता. ती थांबविणे आपल्या हाती आहे की नाही, या अनुभवात होता. याच मालिकेत आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्या कुत्र्यांना आधी झटका थांबविण्याचा अनुभव मिळाला होता, ते पुढे न थांबणाऱ्या झटक्यांनंतरही हतबल झाले नाहीत. देवीची लस जशी शरीराला सज्ज करीत असे, तसा तो यशाचा पूर्वानुभव मनाला सज्ज करीत होता. आणि जे हतबल झाले होते, त्यांच्यासाठी पलीकडच्या कप्प्यात अन्न ठेवूनही उपयोग झाला नाही. त्यांना दोरीने ओढून वारंवार पलीकडे न्यावे लागले. आपले पाय हलले की सुटका होते, हे शरीराला कळल्यावरच ते आपण होऊन उठू लागले.

शास्त्राने आपली चूक कशी सुधारली

या शास्त्रज्ञांचा प्रारंभीचा निष्कर्ष असा होता की, प्राणी असहायता शिकतो. पुढे मायर यांनी उंदरांच्या मेंदूचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि २०१६ साली त्या दोघांनी मिळून आपला जुना सिद्धान्त उलटा होता, असे जाहीर केले. दीर्घकाळ त्रास झाला म्हणजे निष्क्रिय होणे, ही मज्जासंस्थेची उपजत प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. मस्तिष्कस्तंभातील मज्जापेशींचा एक समूह ती घडवून आणतो. प्राणी जे शिकतो ते याच्या नेमके उलट आहे. परिस्थिती आपल्या हाती आहे, हे मेंदूच्या पुढील भागाला उमगते, आणि तो भाग त्या खालच्या केंद्राला आवर घालतो. हा पुढील भाग तात्पुरता निष्क्रिय केला असता, झटका थांबविण्याची सोय असलेले उंदीरही असहायासारखे वागले.

या शोधाचा अर्थ मोठा दिलासा देणारा आहे. संकटात हातपाय गळणे हा कोणाच्या शीलाचा दोष नव्हे. ती सर्व प्राण्यांची मूळ प्रकृती आहे. धीर ही त्यावर अनुभवाने चढविलेली शिकवण आहे, आणि शिकवण म्हटली की ती देता येते. पन्नास वर्षांनी स्वतःचा सिद्धान्त फिरविणाऱ्या या शास्त्रज्ञांनी अनुभवापासून कसे शिकावे, याचाही धडा घालून दिला.

अनुभवाची मात्रा

मग मुलांना मुद्दाम संकटात लोटावे काय? येथे मात्रेचा विचार आवश्यक आहे. संकट ओढवले की मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल ही हॉर्मोने रक्तात सोडतात. हृदय जलद चालते आणि स्नायूंना जादा इंधन मिळते. प्रसंग ओसरला की हे सर्व पूर्ववत होते. थोडा वेळ चाललेली ही तयारी उपकारक असते. महिनोन्‌महिने चालू राहिली, तर तीच झोप, स्मरणशक्ती व प्रतिकारशक्ती पोखरते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, स्क्विरल जातीच्या माकडांची काही पिल्ले आठवड्यातून एकदा, फक्त एक तास, याप्रमाणे दहा आठवडे आईपासून दूर ठेवली होती. पुढे नव्या जागी नेले असता, कधीच दूर न झालेल्या पिल्लांपेक्षा हीच पिल्ले कमी घाबरली व अधिक शोधक वृत्तीने वावरली. ताण अल्प होता, त्याला अंत होता, आणि तो संपल्यावर आईची कूस होती. या तीन अटींवाचून तोच ताण विषासमान ठरू शकतो.

अनुभव आणि बोध

अनुभव येणे व अनुभवापासून शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घडलेल्या घटनेला मनात काही क्रम व अर्थ लाभला, तरच तिचा बोध होतो. १९८६ साली जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटे, लिहावयास सांगितले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आपल्या आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रसंगाविषयी, घटना व भावना दोन्ही मांडून. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना लिहिल्यावर लगेच उदास वाटले. पण पुढील सहा महिन्यांत दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रसंग कमी झाले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कार्यकारणाचा विचार वाढत गेला त्यांना अधिक लाभ झाला, असे नंतरच्या विश्लेषणात आढळले.

तथापि हा उपाय रामबाण नव्हे. पुढील अनेक अभ्यासांत त्याचा सरासरी परिणाम माफकच दिसून आला. शिवाय आघात झालेल्या मनुष्याला ताबडतोब व सक्तीने सर्व हकीकत सांगावयास लावल्याने लाभ होत नाही, कधी अपायही होतो, असे आढळले आहे. बोलण्याची वेळ ज्याची त्याने निवडावी. ऐकणाऱ्याने जवळ असावे.

उशिरा उघडलेली दारे

कौआईच्या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग अखेरीस हाती आला. अठराव्या वर्षी जी मुले वाया गेली असे वाटत होते, त्यांतील बहुतेक चाळिशीपर्यंत सावरलेली होती. कोणी पुन्हा शिक्षण घेतले, कोणी हुन्नर शिकले, कोणी सैन्यात शिस्त मिळविली, तर कोणाला समजूतदार जोडीदार लाभला. त्यांना पुन्हा एक संधी मिळाली, आणि ती त्यांनी घेतली. उलट, लहानपणापासून कणखर ठरलेल्यांपैकी काही पुरुषांना बत्तिसाव्या वर्षी ताणाशी निगडित असे शारीरिक विकार जडलेले होते. बळ मिळते, पण ते फुकट मिळत नाही, हेही यावरून लक्षात घेतले पाहिजे.

या सर्वांतून शाळांना व कुटुंबांना काही बोध घेता येईल. मुलाला झेपेल असे खरे काम द्यावे, आणि त्याच्या प्रयत्नाने काय साधले ते त्याला दिसू द्यावे. अनुत्तीर्ण झालेल्याला कोरड्या उपदेशापेक्षा पहिले पाऊल टाकण्यास हात द्यावा. प्रत्येक मुलाची विचारपूस करणारे निदान एक मोठे माणूस असावे. आणि मनाचा आजार म्हणजे मनाचा दुबळेपणा, असे कधीही मानू नये. मोडलेल्या हाडाप्रमाणे त्यावरही उपचार असतात. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक याच हेतूने आहे.

तीन मुलांपैकी एक सावरले, याचे कौतुक करताना उरलेल्या दोघांना विसरून चालणार नाही. ती कमी प्रतीची नव्हती; वेळेवर मिळावयास हवा होता तो आधार पुष्कळांना उशिरा मिळाला, आणि काहींना मिळालाच नाही. जाणता पाथरवट दगडाची शीर पाहून, त्याला खाली भक्कम टेकू देऊन, मग टाकी चालवितो. देवपण केवळ घावांनी येत नाही. त्या टेकूचाही त्यात वाटा असतो.